बाबांनी बसवलेलं बेसिन

हिवाळ्याच्या पहाटे चिनी मातीच्या बेसिनच्या काठावर कधी तळहात टेकवून पाहिलाय? रात्रभरचा सगळा गारवा तिथेच येऊन बसलेला असतो. साबणाचा मंद वास, नळाच्या तोंडाशी लोंबकळणारा एखादा थेंब, आणि तो गुळगुळीत, पांढराशुभ्र, निःशब्द थंडपणा! झोपेचे अवशेष पापण्यांवरून उतरवायला त्या एका स्पर्शाइतकं परिणामकारक दुसरं काही नाही, हे मी अनुभवाने सांगते. आमच्या घरी तो स्पर्श सगळ्यांत आधी बाबांच्या हाताला व्हायचा. मग चुळा, खाकरणं, चेहऱ्यावर सपासप पाणी मारणं. शेजारची माणसं त्या आवाजावर उठत, आणि तसं आम्हाला बोलूनही दाखवत.

घरातल्या वस्तूंमध्येही मानाची उतरंड असते, नाही का? देव्हाऱ्याला फुलं मिळतात, उंबऱ्याला रांगोळी मिळते, टीव्हीलासुद्धा विणलेला रुमाल मिळतो. पण बेसिनचं कौतुक केलेलं कोणी ऐकलं आहे? आपली सुजलेली, अस्ताव्यस्त, कुणालाही दाखवू नये अशी मुद्रा ते रोज पहिल्यांदा पाहतं, आपल्या थुंकीपासून अश्रूंपर्यंत सगळं निमूटपणे गिळतं, आणि तुंबलं की मगच आपल्याला त्याची आठवण येते. कृतघ्न जात आहे माणसाची! आमचं बेसिन त्या मानाने भाग्यवान. रायपूरच्या गुढियारी भागात रेल्वेलाइनच्या अलीकडे बाबांनी घर बांधलं, तेव्हा भिंती गवंड्याने उभारल्या, पण बेसिन बाबांनी स्वतःच्या हाताने बसवलं. वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आलेला हा माणूस, जन्मभर मालगाडीचे डबे दुरुस्त केलेला. दुसऱ्याने लावलेला नट त्याला कधी पटलाच नाही.

मग साखरेने घात केला. अंगठ्याची जखम चिघळली, वर चढली, आणि अखेर डॉक्टरांनी बाबांचा डावा पाय गुडघ्याखाली काढला. हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलं आहे की आता ते सहज बाहेर पडतं, ऐकणाराच गडबडतो. जखम नीट भरली की कृत्रिम पाय बसवता येईल, बाबा पुन्हा उभे राहतील, पण आधी ते त्यांच्या मनात यायला हवं, असं दवाखान्यातून निघताना डॉक्टर म्हणाले. बाबांच्या मनात काय होतं, देव जाणे. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं, आणि नव्या पायाचा विषय निघाला की तिकडेच फिरवायचं असं ठरवून टाकलं.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी ठिणगी पडली. आईने पलंगाशी टब ठेवला, मगभर कोमट पाणी आणलं, आणि बाबा कडाडले, "आंथरुणात बसून तोंड धुवायले मी काय लहान पोट्टा आहो काय?" तोंड धुतल्याशिवाय चहाला शिवायचं नाही हा त्यांचा जन्माचा नेम, आणि चहा-नाश्ता नाही म्हणजे इन्सुलिनचं सगळं गणित कोलमडणार. "अहो, दोन चुळा भरा न! कोन पाहून राहिलं इथं तुम्हाले?" आई विनवत राहिली. शेवटी चुळा भरल्या, पण चेहऱ्याला पाण्याचा हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दाढी वाढली, डोळ्यांत चिपडं साचली, आणि रोज गुळगुळीत दाढी करून बसणारे माझे बाबा ओळखू येईनासे झाले. माणूस असा स्वतःच्या चेहऱ्यावरचा हक्क सोडू लागला की घरच्यांनी करायचं तरी काय? मला भीती वाटत होती, स्पष्टच सांगते. पाय गेला तो गेला. पण या माणसाला आता उठावंसंच वाटणार नाही, ही भीती होती.

चाकाची खुर्ची होती, पण ती बाथरूममध्ये जात नव्हती. दारातून आत शिरताच उजव्या हाताला बेसिन, तेही चांगलं ऐसपैस. खुर्ची अर्धी आत जाई आणि बाबांचा खांदा बेसिनच्या काठाला भिडे. ते बेसिन तिथून हललं तर बाबा आत जाऊ शकणार होते, बादलीशी बसून स्वतःच्या हाताने आंघोळ करू शकणार होते, तोंड धुऊ शकणार होते. एवढंसं काम!

पण करणारा हात मिळेल तर ना! ते दिवस राजधानीच्या बांधकामाचे होते. शहरापासून दूर माळावर नवं रायपूर उठत होतं, आमचं ऑफिसही नुकतंच तिकडे हललं होतं, आणि मी रोज बसच्या खिडकीतून अर्ध्या उभ्या इमारतींच्या रांगा पाहत जात होते. त्या प्रत्येक इमारतीत किती बेसिनं लागत असतील, हा विचार माझ्या मनात पूर्वी कधी आला नव्हता. आता आला, कारण शहरातले यच्चयावत प्लंबर तिकडेच गुंतले होते. बीरगावच्या एकाला फोन केला तर तो हसला, "एक ठन बेसिन बर कइसे आहूं, दीदी? साइट ले छुट्टी मिलही त देखबो." एका बेसिनसाठी साइट सोडून कोण येतो, हे त्याचंही खरंच होतं. दुसरा "हव, हव, कल पक्का" म्हणाला, आणि त्याचा तो 'कल' काही उगवला नाही. राज्याला राजधानी मिळत होती, आणि आमच्या बाथरूमला प्लंबर मिळत नव्हता.

मग मी ऑफिसातून सुट्टी टाकली आणि बाबांची हत्यारांची पेटी काढली. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, मी भांडले असते, आणि सुट्टी त्यातच संपली असती. गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद केला, नळ उघडून पाइपातलं उरलंसुरलं पाणी जाऊ दिलं, खाली बादली सरकवली आणि पदर खोचला. मोडणं हे जोडण्यापेक्षा सोपं, असं आपण सहज म्हणून जातो. म्हणणाऱ्याने एकदा करून पाहावं! बेसिनच्या नळाला पाणी आणणाऱ्या पाइपचा नट खालच्या अंगाला होता. मी बेसिनवरून वाकले, हात खाली घातला, पाना लावला आणि फिरवत सुटले. नट तसूभर हलेना, उलट करकरू लागला. मी त्याला एक शिवी हासडली. ती काही इथे लिहीत नाही.

"काय करून राहिली वं तिकडे?" पुढच्या खोलीतून बाबांचा आवाज आला.

आईच्या पोटात काही राहत नाही. "बेसिन काढून राहिली," तिने सांगून टाकलं.

मग बाबा म्हणाले, "म्हंजे मी आता काही उभा होत नाही, हे ठरवूनच टाकलं तुम्ही." आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर मला सोपं गेलं असतं. मी ज्याला वाटेतली अडगळ समजत होते, ती त्यांच्या लेखी उभं राहण्याची जागा होती. ती आम्ही त्यांच्या पाठीमागे उखडत होतो. आणि वाईट वाटलं की मला राग येतो, हा माझा स्वभाव आहे. मी बाथरूममधूनच ओरडले, "मंग तुम्हीच सांगा न बाबा, मी काय करू! पायाचं नाव काढू देत नाही, बेसिनले हात लावू देत नाही!" रडू फुटलं होतं, ते त्या ओरडण्यात खपून गेलं.

काम अर्धवट टाकून बाहेर जाण्याचीही मला लाज वाटली, म्हणून मी नाक पुसलं आणि पुन्हा पाना लावला. पुन्हा तीच करकर. आता मात्र बाबांना राहवेना. सगळी नोकरी लोखंडाचे आवाज ऐकण्यात गेलेला तो कान!

"अवं, कसून राहिली तू त्याले! कुकडून पाहून राहिली? वरून? खालून पाह, बाई, खालून!"

मी फरशीवर उताणी पडले. खालून पाहिलं तर डाव्याचं उजवं झालेलं. पाना उलट फिरवला आणि नट मुकाट्याने सुटला. जे वरून घट्ट होत जातं ते खालून सुटतं, यातून जीवनाविषयी काही गहन निष्कर्ष काढण्याचा मला मोह होत होता, पण तेवढ्यात खालच्या निचऱ्याच्या पाइपातला काळा गाळ माझ्या खांद्यावर उतरला आणि मोह संपला.

राहिले भिंतीतले दोन बोल्ट, ज्यांवर बेसिन अडकवलं होतं. आणि तिथे बाबांची खरी करामत होती. प्रत्येक बोल्टवर दोन नट, एकाला लागून दुसरा! एक बेसिन धरून ठेवायला, आणि दुसरा पहिल्याची राखण करायला. मालगाडी गेली की आमच्या स्वयंपाकघरातल्या वाट्या वाजतात. त्या हादऱ्याने नट ढिला पडू नये म्हणून बाबांनी डब्यांची रीत थेट बाथरूमला लावली होती. घरातलं बेसिन असं रेल्वेच्या हिशेबाने जगात आणखी कोणी बसवलं असेल का? आतला नट एका पान्याने धरायचा आणि बाहेरचा दुसऱ्याने फिरवायचा, असं ते काम. माझे दोन्ही हात मिळून एकाच पान्याला जेमतेम पुरत होते. आई वाकायला गेली आणि कंबर धरून परत उभी राहिली.

"खुर्ची आन," बाबा म्हणाले.

आम्ही त्यांना खुर्चीवर घेतलं आणि बाथरूमच्या दारात आणलं, जिथवर ती खुर्ची येत होती तिथवर. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बसलेल्या माणसाचे हात बरोबर त्या नटांपाशी जातात. उभ्या माणसाला तिथे कंबरेत वाकावं लागतं, मला झोपावं लागत होतं, आणि बाबांना नुसता हात पुढे करायचा होता. त्यांनी आतला नट पान्यात धरला. "हं, दे झटका. हळू नको." मी झटका दिला, आणि इतक्या वर्षांचा गंज चरचरत सुटला. दुसरा बोल्ट आतल्या अंगाला होता. बाबांनी खुर्ची तिरपी करून घेतली, माझ्या हातातला पाना ओढून घेतला आणि तिथले नट एकट्याने सोडवले. कपाळावर घाम, दाढीत चुन्याची भुकटी, आणि तोंडाने आपली नेहमीची कुरकुर, जी आम्ही किती दिवसांत ऐकली नव्हती: "इतकं कसते काय कोनी? कोनं कसलं होतं हे?"

"तुम्हीच," आई म्हणाली.

बाबा हसले नाहीत, पण मिशी हलली. ती मी पाहिली, आईनेही पाहिली. मग मी काठाभोवतीचं पांढरं सिमेंट छिन्नीने खरवडलं आणि आम्ही मायलेकींनी ते धूड उचलून अंगणात नेऊन ठेवलं. अगं बाई, काय वजन! परत आले तेव्हा बाबा स्वतःच चाकं ढकलत आत गेले होते. खांदा कुठे भिडला नाही. समोर बादलीचा नळ, त्याच्यावर मोकळी भिंत. मी बादली पुढे सरकवली, पाण्याचा मग त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला आणि परत बादलीत सोडला. झालं, मला वाटलं, आता इथेही रुसवा!

"जवळ घे," ते म्हणाले. "अजून जवळ घे. भिंतीले लागू दे गुडघा."

मी खुर्ची पुढे घेतली. ते थोडा वेळ त्या रिकाम्या भिंतीकडे पाहत राहिले. मग त्यांनी दोन्ही तळहात जुळवून ओंजळ केली, मान खाली घातली आणि ती रिकामी ओंजळ चेहऱ्यावर नेली, जशी ते रोज नेत. पुन्हा खाली आणली, पुन्हा नेली. तिसऱ्यांदा ओंजळ खाली आली तेव्हा ती तिथेच थांबली.

"इथं खूण कर. माह्या हाताच्या खाली. हेच बेसिन इथं बसव, आज नाही त उद्या."

मी गुडघ्यांवर बसले, त्यांच्या हातांखाली छिन्नीच्या टोकाने भिंतीवर एक आडवी रेघ ओढली, आणि काहीतरी बोलायचं म्हणून फरशीवर पडलेले ते चारही नट गोळा करत विचारलं, "बाबा, हेच लावायचे न परत? दोन-दोन?"

त्यांनी माझ्या तळव्यावरचे दोन नट उचलून बाजूला ठेवले.

"यावेळेस एक-एकच लावजो," ते म्हणाले. "जास्ती कसू नको. पाय बसला का मंग हे वरतं घ्या लागन."

आई दाराशी उभी होती. मी छिन्नी रेघेवर ठेवली आणि हातोडी उचलली.