बिनभात्याची पेटी

ज्या वाद्याला स्वतःचा आवाजच नाही, असं वाद्य मी एकदा मोठ्या हौसेनं विकत आणलं.

गोष्ट दोन हजार चार-पाच सालातली. दुकानदारानं सांगितलं होतं, "हा मिडी कीबोर्ड. कुठली पट्टी दाबली ते हा फक्त कॉम्प्युटरला कळवतो, आवाज कॉम्प्युटर काढतो." मी मान डोलावली. (मला न समजलेल्या सगळ्याच गोष्टींना मी मान डोलावतो. नोकरी त्यावरच टिकली आहे.) कोल्हापुरातल्या घरी आल्या आल्या मी पट्ट्या बडवल्या. ठार शांतता!

"इस्त्रीला पण लाल दिवा तरी लागतोय," बायको म्हणाली.

दोन दिवस वायरी आणि सीडीशी झटापट केल्यावर आवाज आला, पण पट्टी दाबल्यावर अर्ध्या सेकंदानं.

"अवो, आवाज पन्हाळ्याला जाऊन येतोय काय?"

मी दुर्लक्ष केलं, कारण माझी इज्जत पणाला लागली होती. माझे सासरे, म्हणजे मामा, कोडोलीच्या भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवायचे. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण मला नेमकं काय येतं, हे त्यांना अजून कळलं नव्हतं. रविवारी मंडळ आमच्या घरी भजनाला येणार होतं, आणि मी फोनवर छातीठोक सांगून बसलो होतो, "मामा, पेटी आणू नका. वाजवायचं मी बघतो!"

रविवारी सकाळी मंडळी आली, मामांबरोबर सासूबाईही आल्या. मामांनी कीबोर्ड खालून वरून पाहिला.

"पावणं, ह्याचा भाता कुटं हाय?"

"भाता न्हाय मामा. करंटवर चालतंय."

"मग डाव्या हातानं काय करायचं?"

"काय न्हाय."

"बरं हाय की! निम्मा माणूस बसूनच."

मी कॉम्प्युटरवर पेटीसारखा आवाज निवडला आणि वायरी तपासायला टेबलाखाली शिरलो. नवी वस्तू पुजल्याशिवाय वापरायची नाही, हा सासूबाईंचा नियम. (आमच्या मिक्सरच्या कपाळावर अजून कुंकू आहे.) त्यांनी कीबोर्डला हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली, आणि कुठूनसा आवाज सुरू झाला. भोंऽऽऽ!

मी दचकून उठलो, ते टेबलाला डोकं आपटूनच. माऊस दाबला, वायर हलवली, देवाचं नाव घेतलं. कीबोर्डच्या डाव्या टोकाला सासूबाईंनी नारळ ठेवला होता, त्यालाही हात जोडले. भोंऽऽऽ!

मी बटण बंद करायला वाकलो, तोच मामा कडाडले, "हात लावू नगा! काळी दोनची पट्टी हाय. आमचाच सूर लागलाय की!"

टाळकरी खूश झाले. मृदंगवाल्यानं तर त्या सुरावर मृदंग लावूनही घेतला. मी बावळटासारखा उभा होतो, पण अकरा वर्षांत अशी संधी आली नव्हती.

"ही यातली खास सोय आहे मामा," मी म्हणालो. "तुमचा सूर कुठला, ते मी आधीच भरून ठेवलंय."

खोटं इतकं सहज निघालं, की क्षणभर माझाही विश्वास बसला. त्या भरात मी वाजवायला बसलो. मंडळी एक ओळ संपवून पुढच्या ओळीवर जात आणि माझा स्वर मागून धापा टाकत येई. दुसऱ्या अभंगाला मामांनी माझं मनगट धरलं.

"पावणं, तुमी हात खाली घ्या. यंत्राचं यंत्राला करू द्या."

मग भजन काय रंगलं! तास दीड तास तो सूर तसूभरही हलला नाही. शेवटी मामांनी डोळे पुसले आणि सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारली. "पावण्यांस्नी सुराची जाण हाय. मीच वळखलो न्हाय." मला भरून आलं. खरंच आलं.

एवढ्यात बायकोनं प्रसादासाठी नारळ उचलला, आणि सूर बंद पडला.

तिनं नारळ परत ठेवला. भोंऽऽऽ! उचलला. शांतता. तिला आता गंमत वाटू लागली होती. चारपाच वेळा तिनं उचलला, चारपाच वेळा ठेवला, आणि प्रत्येक वेळी सगळ्यांनी आधी नारळाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

मामा शांतपणे म्हणाले, "पावणं, फुडच्या भजनाला तुमी न्हाय आला तरी चालंल. नारळ तेवढा धाडा."

मग नारळ फोडला. खोबरं गोड निघालं. आमच्या घरात सुराची जाण असलेला तो एकच होता, आणि त्यालाही मी साखर लावून खाल्लं.