घोडीसकट बँड

कॉलेजात असताना मी अमरावतीच्या एका लग्नातल्या बँडची चाहती होते. लग्नातल्याच, हो. लाल कोट, पितळी वाद्यं, आणि क्लॅरिनेट अशी की रुसून बसलेला मामाही वरातीत नाचायला उतरायचा. तेव्हाच्या एका साइटवर कुणालाही कम्युनिटी काढता येत असे. मी नेट कॅफेत तासावर पैसे भरून या बँडची काढली आणि बघता बघता तीनशे सभासद झाले. कुणाच्या ना कुणाच्या वरातीत नाचलेले सगळे.

पण क्लॅरिनेटवाला अकोल्याकडच्या बाळापूरचा, म्हणून बँड अकोल्याचाच, असं अकोल्याचा एक जण रोज येऊन भांडायचा. शेवटी कंटाळून मी त्यालाच माझ्या जोडीचा मॉडरेटर करून टाकलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. त्यानं पहिल्याच दिवशी नियम काढला की नव्या सभासदानं आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: 'तुम्ही खरे चाहते कशावरून?' उत्तरं तो स्वतः तपासायचा आणि निम्मे लोक नापास करायचा.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. कापसानं दगा दिला की लग्नं लांबणीवर पडत, नाहीतर सामूहिक विवाहात उरकली जात. एका मांडवात पन्नास जोडपी आणि सगळ्यांना मिळून एक डीजे. आमचा बँड घरी बसला. हा हंगाम असाच गेला तर बँडमास्टर वाद्यं विकून टाकणार, असं कानावर आलं आणि मला खरोखर रडू आलं. मी कम्युनिटीवर लिहिलं, 'बँड वाचवा.' आठवड्याभरात दोनशे उत्तरं आली. 'आम्ही सोबत आहोत.' अकोलेकरानं मतदान ठेवलं: बँड वाचवावा का? सत्त्याण्णव टक्के लोक हो म्हणाले. उरलेले तीन टक्के कोण, हे शोधण्यात पुढचा आठवडा गेला.

मी त्या दोनशे उत्तरांच्या प्रिंट काढल्या आणि मास्टरच्या घरी गेले. मास्टर दारात बसून ट्रम्पेट पुसत होते.

"मास्टर, हे पाहा, आपले चाहते. तीनशे हायेत."

त्यांनी कागद चष्म्याजवळ धरून सावकाश पाहिले. "तीनशे मानसं हायेत, तं एकाचंबी लगन कावून नाई, बेटा?"

मी कागद गोळा करायला लागले.

"मंग तूच करून टाक ना," मास्टर म्हणाले. प्रेमानंच म्हणाले, पण मी तोंड पाडून घरी आले.

जेवताना मी हे सांगितलं. आईला ती कल्पना फारच पटली. "बराबर म्हन्ते मास्टर. पाहू आता स्थळं." बाबा भातकुलीच्या एका सरकारी कचेरीत लिपिक होते, अमरावतीहून रोज बसनं जाऊन-येऊन करत. बँड दिसला की गल्ली बदलणारा माणूस. त्या महिन्याअखेर ते निवृत्त होणार होते, आणि हार नको, भाषण नको, पेढे वाटून मुकाट्यानं घरी येतो, असं त्यांनी कचेरीत बजावून ठेवलं होतं. त्यांनी पानातून मान वर केली.

"ढोलासाठी कोनी पोरीचं लगन करते का?" एवढंच म्हणाले आणि ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मास्टरकडे गेले आणि नोकरीच्या शेवटच्या दिवसासाठी बँड सांगून आले.

त्या दिवशी संध्याकाळी डब्याची पिशवी घेऊन बाबा कचेरीबाहेर आले, तर फाटकात झूल घातलेली घोडी उभी.

"हे काय आनलं?"

"साहेब, आपला बँड घोडीसकटच असते," मास्टर म्हणाले.

बाबा मागे सरकत होते, पण कचेरीतल्या लोकांनी त्यांना उचलून वर बसवलंच. बँडला फक्त लग्नाचीच गाणी येत होती, ती जोरात सुरू झाली. कडक उन्हाळा, तरी भातकुली रस्त्यावर लोटली. तीनशे चाहत्यांपैकी चार आले होते, ते आणि मी घामाघूम होईस्तोवर नाचलो. एका बाईनं माझ्यासोबत आलेल्या आईला विचारलं, "नवरदेवाच्या तुमी कोन?"

"पयली बायको," आई म्हणाली.

बाबा पिशवी कोपरात अडकवून, दोन्ही हातांनी घोडीची आयाळ धरून ताठ बसले होते. बसस्टँड आला तेव्हा मी पाहिलं, ते रडत होते. उन्हानं डोळे आले, म्हणाले. ड्रायव्हरनं बस थांबवून धरली होती. नवरदेव घोडीवरून उतरले, बसमध्ये चढले आणि कंडक्टरला त्यांनी मासिक पास दाखवला. त्याची मुदतही त्याच दिवशी संपत होती.

अकोलेकर काही आला नाही. पण त्यानं त्याच संध्याकाळी वरातीवर लांबलचक परीक्षण लिहिलं. त्यात घोडीची निवडही चुकल्याचं म्हटलं होतं.

ती वरात पाहून भातकुलीतल्या दोन-तीन घरांनी बँड सांगितला आणि मास्टरनी वाद्यं विकली नाहीत. दोन हंगाम निघाले. मग मात्र विकलीच. ती साइटही बंद पडली. मी केव्हाच बाजूला झाले होते, पण अकोलेकरानं सगळ्यांना दुसरीकडे नेऊन बसवलं. आज तिथे एकोणीसशे चाहते आहेत. रोज कुणीतरी लिहितं, 'काय दिवस होते ते!' आणि खाली शंभर रडके चेहरे पडतात.

गेल्या महिन्यात बाबांना नवा फोन घेऊन दिला. आठवड्याभरानं ते जरा हिरमुसून म्हणाले, "तुया त्या बँडवाल्या गुरुपमंदी मले घेतलं नाई." मी फोन हातात घेऊन पाहिला. अर्ज नामंजूर, उत्तर अपुरे, असा अकोलेकराचा शेरा होता. वर तोच जुना प्रश्न, 'तुम्ही खरे चाहते कशावरून?' आणि त्याखाली बाबांनी एकच ओळ लिहिली होती.

'मी त्यायले बोलावलं होतं.'