पार्कातल्या बाईला हार

दसरा चौकातल्या एका प्रदर्शनातून मी एक भलामोठा फोटो घरी आणला. काळापांढरा, जुन्या काळचा. कुठलंसं थीम पार्क. मागे उंच पाळणा, पुढे लाकडी घोड्यांचं गोल फिरणारं चक्र, आणि एका घोड्यावर पाठमोरी बसलेली नऊवारीतली बाई. पदर वाऱ्यावर. बाकी सगळे घोडे रिकामे. मला तो बघताक्षणी आवडला, आणि मला काही आवडलं की नवऱ्याचं मत मी विचारत नाही.

हॉलमध्ये टांगला आणि घोळ सुरू झाला. आमच्याकडे काळापांढरा फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावला, म्हणजे घरातलं कुणीतरी गेलेलं असतं. शेजारच्या काकू दारातूनच आवाज खाली आणून म्हणाल्या, "कवा गेल्या? कळवायचं तरी की!" सिलिंडरवाल्याने सिलिंडर ठेवलं आणि फोटोला नमस्कार केला. "अहो, ते पार्क हाय!" असं मी आल्यागेल्याला ओरडून सांगत होते. नवऱ्याची फुकटात करमणूक होत होती.

त्याच आठवड्यात माझे वडील, आबा, राधानगरीहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आले. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि गावच्या घरात ते एकटेच राहत. त्यांनी आता कायमचं आमच्याकडेच राहावं म्हणून मी जंग जंग पछाडलं होतं. फोनवर भांडले, रडले, जावयालाही पुढे केलं. आबा यायचे आणि दुसऱ्या दिवशी पिशवी उचलायचे. "म्हस हाय की घरात." त्या म्हशीचा मला इतका राग यायचा की विचारू नका.

ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाली, काळा चष्मा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन हॉलमध्ये आले तर फोटोला झेंडूचा हार! काचेवर त्या बाईच्या अंबाड्याजवळ कुंकवाचं बोट, खाली उदबत्ती, आणि समोर आबा हात जोडून उभे. आधी मला हसू फुटलं, मग शंका आली. ऑपरेशन बिघडलं की काय?

"आबा, आवं ती आई न्हाय. कुठल्यातरी पार्कातली बाई हाय ती."

"मला काय दिसत न्हाय व्हय?" आबा डाफरले. "डॉक्टरनं आत्ताच डोळं नवं केल्यात. तुझ्या आईचा धड एक फोटो न्हाय आपल्याकडं. आधार कार्डावर हाय, त्यात पोलिसानं धरल्यागत दिसतीया. ही बघ कशी निवांत बसलीया घोड्यावर."

"पण हार कशाला?"

आबांनी उदबत्तीची राख झटकली.

"घरात तिची चूल हाय, गोठा हाय, जाईल तिथं ती हायच," ते म्हणाले. "तिला तिथं एकटी सोडून हितं माझा पाय टिकत न्हाय." मग एका बाजूला कललेला हार नीट केला. "तू ऱ्हावा, ऱ्हावा म्हणतीस. आता ऱ्हायाचं, तर सकाळी उठून हात जोडाय ती हितं पायजे का नको?"