अकोल्याचा भुंगेरा, चिखलदऱ्याचा भुंगेरा

ज्योतीचा फोन आला नसता, तर या वयात मी चिखलदऱ्याचा घाट चढलेच नसते. वीस वर्षांपूर्वी ती अकोल्यात मामाकडे राहून शिकायची, माझ्या विज्ञानाच्या वर्गात. आंब्याचं खोड पोखरणारे लांब मिशांचे भुंगेरे तिने आणले होते. अकोल्याचा अंगठ्याएवढा, नारिंगी ठिपक्यांचा. चिखलदऱ्याचा त्याच्या निम्मा, ठिपके फिकट पिवळे. दोन्हींची जात एकच, असं तिने वहीत लिहिलं. मी लाल फुली मारली आणि वर्गासमोर हसलेही. पुढच्या वर्षी तिने विज्ञान सोडलं. आता फोनवर म्हणाली की बरेच नमुने जमलेत, येऊन पाहा.

अकोटमार्गे परतवाड्याची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, पण रस्ता हाडं खिळखिळी करतो, पाठीला उशी घ्या. परतवाड्याच्या स्टँडबाहेरचा आलुबोंडा गरम खावा, चटणी जपून. ज्योती न्यायला आली होती. गावाबाहेर तिची नि नवऱ्याची झेंडू-शेवंतीची शेती आहे.

घरी तिने पेटी उघडली. मेलेले भुंगेरे ओळीने टाचलेले, प्रत्येकाखाली गावाचं नि झाडाचं नाव. मी दुपारभर पट्टीने मोजत बसले. परतवाड्याचे काही अकोल्याएवढे, काही चिखलदऱ्याएवढे, उरलेले मधले. दोन जातींमधली रेघ कुठे ओढावी, सापडेना. तरी मी म्हटलं, डोंगरावरचे वेगळेच असतील.

म्हणून सकाळी आम्ही जीपने वर गेलो. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, लवकर गाठा. चिखलदऱ्यात ज्योतीच्या मावशीच्या परसात आंब्याची दोन झाडं आहेत, एक वाळकं, एक दणकट. वाळक्याखाली सापडलेले भुंगेरे बारके होते. दणकट झाडाखालचा मावशींनी डब्यात जपून ठेवला होता. तो अंगठ्याएवढा होता, नारिंगी ठिपक्यांचा.

"ज्याले पोटभर लाकूड भेटलं तो मोठा झाला, मॅडम," ज्योती म्हणाली. "जात एकच."

"तू तेव्हाच बरोबर होतीस. मी चुकले, आणि हसले ते त्याहून वाईट केलं."

तिने डब्याचं झाकण लावलं. "मी बरोबर आहो, हे मले मालूम होतं. तुमी हासल्या म्हनून वही फेकून देल्ली. मंग लय वर्सं वाटे, कायले फेकली मी."

मग मावशींनी बशीभर रबडी पुढे केली. आम्ही दोघींनी मिळून ती संपवली.

घरी आल्यावर सगळे विचारतात, धुकं होतं का? होतं, आणि सुंदर होतं. ज्योती आता दर रविवारी नवी मोजमापं पाठवते, मी ती नीट उतरवून ठेवते. एखाद्या आकड्याची शंका आली, तर आधी माझंच उतरवलेलं तपासते.