बमरोलीच्या गच्चीवर आनंद सांगताना

अकोल्याहून गाडी सुटली तेव्हा समोरचा बाक रिकामा होता आणि मला हायसं वाटलं. निघताना शेजारच्या काकूंनी दारातच अडवलं होतं. "एकट्याच सुरतला? साड्या आणायला का?" मी बिनधास्त "हो" म्हणून टाकलं. पुस्तक वाचायला चालले आहे असं सांगितलं असतं, तर त्यांनी माझ्या मुलाला लगेच फोन लावला असता.

खरं कारण तुम्हाला सांगते. माझी मैत्रीण नलू आणि मी मिळून अकोल्यात एक वाचन मंडळ काढलं होतं. रविवारी दुपारी माझ्या घरी बायका जमायच्या, वाचायच्या, भांडायच्या, चिवडा संपवून जायच्या. मग नलू देवाघरी गेली. बाकीच्यांतली कोणी लेकाकडे पुण्याला गेली, कोणाचे गुडघे गेले, कोणाला नातवंडं सोडेनात. गेलं वर्षभर रविवार आला की मी दार उघडं टाकून बसते. जिन्यात पाय वाजला की कान टवकारते. पाऊल वरच्या मजल्यावर निघून जातं. संध्याकाळी दार लावते, आणि मंडळ भरलं असं स्वतःला सांगते. बंद करावं तर नलूशी बेइमानी वाटते, चालू ठेवावं तर कोणासाठी? याचा निकाल लावायलाच मी निघाले होते.

नलू आणि मी शेवटी वाचत होतो ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांनी आनंदाबद्दल लिहिलेले लेख. आमच्यावरचा अन्याय सगळे विचारतात, आमचं हसणं, नाचणं, एकमेकींच्या वेण्या घालताना केलेली थट्टा कोणी विचारत नाही, असा त्यांचा सूर होता. आनंद हाही हक्क आहे, न्याय मागताना तोही मागायचा, असं त्या म्हणत. मी त्याचं जमेल तसं मराठी केलं होतं. मोबाइलवरून ते कुठं कुठं फिरलं देव जाणे, पण एके दिवशी सुरतहून फोन आला. "मावशी, मी सुनंदा. बमरोलीहून बोलते. तुमचं आम्ही वाचतोय. या ना एकदा." एवढ्या आपुलकीनं मला बऱ्याच दिवसांत कोणी बोलावलं नव्हतं.

नंदुरबार गेलं, मग नवापूर आलं. या स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. एक बाई सीताफळाची टोपली घेऊन चढली आणि माझ्याशी बोलायला लागली, पण तिचं तोंड गुजरातीत आणि माझं वऱ्हाडीत. दोघी नुसत्या हसलो आणि खिडकीबाहेर बघत बसलो. बारडोलीजवळ दोन्ही बाजूंना ऊसच ऊस होता आणि डब्यात मळीचा आंबूस वास शिरला. नलू असती तर नाक दाबून काहीतरी चावट बोलली असती. मी पिशवी मांडीवर घेऊन सुरतच्या अलीकडच्या उधना स्टेशनाची वाट बघू लागले.

उधन्याला उतरले. रिक्षावाल्यानं विचारलं, "क्यां जवुं छे, मासी?" (कुठे जायचंय, मावशी?) मी सोसायटीचं नाव सांगितलं. आता त्या नावाच्या सोसायट्या तिथे किती असतील! पठ्ठ्यानं मला भलत्याच गल्लीत उतरवलं आणि निघून गेला. एका घरासमोर हाक मारली तर आतून ओडिया बोलत कोणी आलं, पुढच्या घरातून भोजपुरी. प्रत्येक दारात कोणीतरी होतं, प्रत्येकाचं कोणीतरी होतं, आणि मी मधोमध पिशवी धरून उभी. जमिनीतून येतो की भिंतीतून ते कळेना, पण यंत्रमागांचा खडखडाट पायांत घुमत होता. कशाला आलीस गं बाई तडफडत, असं मीच मला म्हणाले.

शेवटी सुनंदाच शोधत आली. चाळिशीची, ठेंगणी, भराभर चालणारी. माहेर अमळनेरकडचं, काम साड्यांच्या घड्या घालण्याचं. "अवो मावशी, फोन तरी करायचा!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की मी दचकले. मग कळलं की इथे सगळेच तसे बोलतात. तिच्या घरी कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. पाठोपाठ तिनं एका ताटलीत हिरवे कोवळे दाणे आणि वर शेव असं पुढं ठेवलं. "हा इथला पोंक." मी तोंडात टाकला तर काय, आपला ज्वारीचा हुरडाच की! अख्खी ताटली फस्त केली आणि मग लाज वाटली.

वाचन वरच्या गच्चीवर होतं. ताडपत्री अंथरली होती. पंधरावीस माणसं जमली होती, बाया जास्त, पुरुष थोडे. नावं लक्षात राहिली ती दोघांचीच. भिका आप्पा, धुळ्याकडचे, उभी हयात मागावर काढलेले. आणि ज्योती, हिंगोलीहून बांधकामावर आलेली, तिशीची, सारखी फिदीफिदी हसणारी. आप्पांनी माझ्यासाठी भिंतीजवळ जागा केली. "बठा माय, बठा. घाई नही शे." (बसा बाई, घाई नाही.)

मला ते लेख वाचून दाखवायला सांगितलं. मी चष्मा लावला, घसा खाकरला आणि सुरुवात केली. थोड्या वेळानं मान वर केली तर सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडावर खिळलेले. डोळ्यांवर नाही, नेमके ओठांवर. कप्पाळ! शेव लागली असणार. मी पदरानं ओठ पुसले आणि पुढं वाचलं. पुन्हा बघते तर आता ते पुढं झुकून बघताहेत. मी पुन्हा पुसलं. शेवटी पदर तोंडाशी धरूनच वाचू लागले. माणसं चुळबुळ करू लागली. पाहुण्या बाईला कसं सांगायचं!

ज्योतीला राहवलं नाही. "मावशी, पदर काढा की! काहीच समजंना."

"अगं, काही लागलंय का तोंडाला?"

गच्चीवर असा हशा पिकला की खालून कोणीतरी काय झालं म्हणून विचारलं. सुनंदानं डोळे पुसत सांगितलं, "खात्यात (मागांच्या कारखान्यात) आवाजात ऐकू येत नाही ना, मावशी. तिथे आम्ही एकमेकांचं तोंड बघूनच बोलतो. किती जणांचे कान तर कायमचेच गेले. तोंड दिसलं नाही तर आमच्यासाठी तुम्ही बोलतच नाही."

मग मी कागद वर धरून, एक वाक्य वाचायचं आणि मान उचलून सांगायचं, असं वाचलं. एवढी माणसं एकाच वेळी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. घरी माझ्याकडे आरसा सोडून कोणी बघत नाही. मला ते सोसेना, म्हणून मी भराभर वाचून टाकलं.

नंतर बोलणं निघालं. ज्योती म्हणाली, "त्या बायका मोठ्यानं हसल्या की लोक डोळे वटारायचे ना? आमचा मुकादम तेच म्हणतो. हसायला येता का कामाला?"

आप्पा म्हणाले, "त्यांचं दुःख लई मोठं आहे. ते आपलं म्हणून मिरवू नये. पण हसण्यावर राखण बसवतात, हे आपल्याला कळतं."

या मंडळाची एक रीत आहे. वाचून झालं की ज्यानं त्यानं आठवड्यातला स्वतःचा एक आनंद सांगायचा. लेकराला मार्क पडले, सून गुणाची निघाली, असले चालत नाहीत. दुसऱ्यासाठी काही केलं तेही नाही. फक्त स्वतःचा. पटला तर सगळे "मंजूर" म्हणतात, नाही पटला तर परत विचार करायला लावतात. एकीनं सांगितलं, बाजारातून येताना बर्फगोळा घेतला आणि घरी न सांगता एकटीनं खाल्ला. मंजूर! ज्योतीनं सांगितलं, लाइट गेली, काँक्रीटचा मिक्सर बंद पडला, तेव्हा ती स्लॅबवर नाचली. मंजूर! आप्पांनी सांगितलं, न्हाव्यानं डोक्याला तेल चोळलं आणि खुर्चीतच झोप लागली. मंजूर!

माझा नंबर आला. मी म्हटलं, "तुम्हा सगळ्यांना भेटून मला फार आनंद झाला."

"हे भाषण झालं, मावशी," सुनंदा म्हणाली. "नामंजूर."

मी शोधलं. मागचा आठवडा, त्याच्या मागचा, अख्खा महिना. चहा, औषधं, फोनवर मुलाचं "बरी आहेस ना", रविवारचं उघडं दार. काहीही सापडेना. ते सगळे माझ्या ओठांकडे बघत थांबले होते. "मला नाही आठवत," मी म्हणाले. "माझी मैत्रीण गेली तेव्हापासून नाहीच." रडूसुद्धा आलं नाही, ते कुठं आटलं होतं कोण जाणे. असं नका बोलू, मावशी, असं कोणीही म्हटलं नाही. आप्पा एवढंच म्हणाले, "राहू द्या. पुढच्या रविवारी फोनवर सांगा. पहिला नंबर तुमचा."

परतताना स्टेशनवर मी सुनंदाला विचारलं, "तुमचं मंडळ कधी बंद पडलं नाही?"

"पडतं की! दिवाळीला सगळे गावी गेले की बंद. खाती बंद पडली तेव्हा तर खूप दिवस बंद होतं."

"मग तू काय करायचीस?"

"मी काय करणार? गच्चीवर एकटीनं बसू का खुळ्यासारखी? माणसं आली की परत सुरू."

ती सहज बोलून गेली. माझ्याकडे बघितलंही नाही, गाडी येते का ते बघत होती. नवापूर गेलं तरी मी तेच मनात घोळवत होते. मला आधी तिचा राग आला, तिला काय कळतंय म्हणून. मग मला रविवारचं माझं उघडं दार आठवलं.

अकोल्यात घर जसं सोडलं तसंच होतं. काकूंनी साड्या बघायला मागितल्या. पसंत पडल्या नाहीत म्हणून सांगितलं.

रविवारी दुपार कलता कलता सुनंदाचा व्हिडिओ कॉल आला. गच्ची, ताडपत्री, सगळी मंडळी एवढ्याशा पडद्यात दाटीवाटीनं बसलेली. "मावशी, फोन खाली घ्या, नुसतं कपाळ दिसतंय! तोंड दाखवा!" मी फोन खाली घेतला. सगळे थांबले.

मी म्हणाले, "आज मी मंडळ बंद केलं. जेवले, दार आतून लावलं आणि गोधडी घेऊन झोपले. जिन्यात पाय वाजले तरी उठले नाही. छान झोप लागली. आज मी कोणाची वाट बघितली नाही. नलूचीसुद्धा नाही."

"मंजूर!" सगळे ओरडले, आणि सुनंदा लगेच पुढं सरकली, "चल ज्योती, तुझं सांग." ज्योती कसल्याशा झोपाळ्याबद्दल हसत हसत सांगू लागली. मी फोन स्वयंपाकघरातल्या डब्याला टेकवून शेवटपर्यंत ऐकलं.

कॉल संपला तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं. नलूचीसुद्धा नाही, असं मी माझ्या तोंडानं बोलून गेले होते. म्हणजे इतके रविवार मी तिचीच वाट बघत होते, आणि ती आता येणार नव्हती. मी स्वयंपाकघरातच खाली बसले आणि नलू गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले.