मासा सोडला आणि संशय आला

मंडळी, आज सकाळी उरणकडच्या खाडीत फ्लाय फिशिंगला गेलो होतो. गळाला पिसांची नकली माशी बांधून लांब फेकायची, हा माझा रविवारचा छंद.

खारफुटीच्या तिवरांत चिंबोऱ्या पकडणारी एक मावशी माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात जिताडा लागला. मी गळ काढून त्याला परत पाण्यात सोडलं, तशी ती जवळ आली.

"मासा सोडलास? मंग आलास कशाला?"

"आवड म्हणून, मावशी."

"मागल्या वर्षी पण एक जण काठी घेऊन आलेला. पाणी बघतो बोलला. मंग भराव पडला, आमची तिवरं गेली. तू पण मोजायला आलास ना?"

तिची खात्री पटावी म्हणून मी ऑफिसचं कार्ड काढायला गेलो आणि थांबलो. मी पनवेलच्या एका बिल्डरकडे नोकरी करतो. कार्ड खिशातच राहिलं. माझं थांबणं तिनं पाहिलं.

निघताना तिनं माझ्या बाईकच्या नंबरचा फोटो काढला. मी अडवलं नाही.

आमची पुढची साइट कुठे आहे, हे उद्या ऑफिसात विचारणार आहे. तुम्ही कधी विचारलंय?