फटफटीचं तेल आणि माझे चार दिवस

आमच्या हिंगोलीच्या घरी फटफटी होती आणि तिचं तेल मी माझ्या हातानं बदललं होतं, असं सांगितलं की माणसं आधी माझ्याकडं बघतात आणि मग हसतात. हसू द्या. बदललं ते एकदाच. पण त्या एका वेळेचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

जर्मनीशी लढाईचे दिवस होते. माझे यजमान डॉक्टर. सेनगावकडून, कळमनुरीकडून, मधल्या कुठल्याही खेड्यातून बोलावणं आलं की फटफटीला लाथ मारायची आणि निघायचं. त्या काळ्या इंग्रजी गाडीवर यांचा भारी जीव. महिना-दीड महिन्यानं अंगणात बसून हे तिचं तेल काढायचे. नवं तेल तेव्हा सहज मिळत नव्हतं. नांदेडहून कुणाकुणाच्या हातापाया पडून डबा आणायचा आणि कोठीत जपून ठेवायचा.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. महिन्याचे चार दिवस मला ओसरीच्या कोपऱ्यात बसवत. वेगळं घोंगडं, वेगळा तांब्या, लांबून सरकवलेलं ताट. वाचायला काही मागितलं तर सासूबाई म्हणायच्या, "काहून? विटाळात सरस्वतीला शिवती का?" असा संताप यायचा! माझी जीभ आधीच तिखट, आणि चार दिवस त्या जिभेशी बोलायलाही कुणी नाही. मग काय करायचं? समोर अंगणात हे फटफटी खोलून बसायचे, ते बघायचं. बघून बघून मला ती गाडी पाठ झाली.

एकदा यांचा पाना सारखा घसरत होता. मला राहवेना. "अहो, उलटं फिरवून राहिलात तुमी," मी कोपऱ्यातून म्हणाले. हे चमकले, मग हसले. "एवढं कळतं तर ये, धर पाना." मी उठले आणि खरंच धरला.

झालं! सासूबाई आतून धावत आल्या. "शिवली! अगं, गाडीला शिवली! माझ्या लेकरानं आता तिच्यावर बसायचं?"

"आई, लोखंडाला विटाळ नसतो," हे म्हणाले.

"असतो का न्हाई ते मला नको शिकवू. यंत्रबी देवच असतं. कोपतं."

शब्दाला शब्द वाढला. शेवटी हे उभे राहिले. "बरं, पैज लाव. पुढच्या महिन्यात, हिच्या चार दिवसांतच हिला तेल बदलू दे. गाडी बिनतकलीफ चालली, तर हिचं बाहेर बसणं कायमचं बंद. बंद पडली, तर मी जन्मात या विषयावर बोलणार नाही."

सासूबाईंनी तुळशीला हात लावून शब्द दिला. अट एकच घातली. कोठीतल्या वस्तूला माझा हात लागायचा नाही, नवं तेल त्या स्वतः आणतील आणि स्वतः ओततील. हे म्हणाले, "बराबर. कबूल."

महिनाभर मी दिवस मोजत होते. कुठल्या बाईनं त्या चार दिवसांची अशी वाट पाहिली असेल!

तो दिवस आला. यांनी सकाळी गाडी थोडी चालवून तापवून दिली, म्हणजे तेल पातळ होऊन सरसर उतरतं, आणि हे दवाखान्यात गेले. मी पदर खोचला. खाली घमेलं ठेवलं, सीटखालच्या तेलाच्या टाकीचा नट सैल केला, आणि काळंकुट्ट तेल भळभळ बाहेर आलं. कोपरापर्यंत हात बरबटले. नट राकेलानं धुतला, पुसला, होता तसा घट्ट बसवला. कुणी हात लावला नाही, कुणी सांगितलं नाही. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता, खोटं कशाला बोलू?

"आत्याबाई, आणा तेल," मी सासूबाईंना हाक मारली.

"तू हो तिकडं." मी आठ हात लांब जाऊन उभी राहिले. त्या चरवी घेऊन आल्या आणि बारीक धारेनं टाकीत तेल ओतू लागल्या. ओठ हलत होते. "माझ्या लेकराला सांभाळ," असं काहीतरी पुटपुटत होत्या. मला भरून आलं. पैज आमच्याविरुद्ध लावलेली, आणि तरी प्रार्थना! त्या आत गेल्यावर मी टाकीचं झाकण लावलं.

दुपारी यांनी लाथ मारली. पहिल्याच लाथेला गाडी फटफटली. मी ओसरीत बसल्या जागी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी चालली, दुसऱ्या दिवशी चालली.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना दारात बैलगाडी येऊन थांबली. गाडीत फटफटी आडवी, आणि तिच्याशेजारी हे. तोंड रक्तानं माखलेलं, उजवा हात लोंबत होता. सेनगावच्या रस्त्यावर भर वेगात इंजिन अडकलं होतं, मागचं चाक जागच्या जागी जाम झालं होतं, आणि हे उडून खडीवर पडले होते. शेतातल्या माणसांनी उचलून आणलं.

सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. शिवी नाही, शाप नाही, नुसत्या बघत होत्या. आणि खरं सांगू? त्या क्षणी मलाही वाटलं की माझ्याच हातानं झालं. एवढ्या तोंडाळ बाईला तसं वाटावं, याची मला आजही लाज वाटते.

आठ-दहा दिवसांनी जिनिंगच्या इंजिनावरचे मिस्त्री गाडी खोलायला आले. म्हातारे, दाढीवाले, बोलायला गोड. हे गळ्यात हात बांधून खाटेवर बसले होते. मी दाराआड उभी, सासूबाई ओसरीवर. मिस्त्रींनी इंजिन उघडलं आणि "या अल्ला" म्हणून बोट आत घातलं. बोटाला पिवळसर तपकिरी चिकटा आला, तारा सुटाव्यात असा.

"डॉक्टरसाब, ये इंजन का तेल नई. ये काय का तेल डाले तुम?"

कुणी उत्तर द्यायच्या आत सासूबाईच बोलल्या. डोळ्याला पदर लावून, पण आवाज ठाम. "मी घातलं. त्या डब्यातल्या तेलात कसली कसली चरबी असती म्हणं. माझ्या लेकराच्या गाडीत ते काहून घालू? आपल्या शेतातल्या करडीचं, घाण्यावरचं, देवाच्या समईतलं तेल घातलं, चरवीभर! इतकं शुद्ध तेल घालूनबी गाडी अडकली. मग सांगा, विटाळ न्हाई तर काय?"

करडीचं तेल तापून तापून भांड्याला कसं बसतं, ते कढई घासणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. नखानं खरवडलं तरी निघत नाही. तेच माझ्या नवऱ्याच्या इंजिनात बसलं होतं. माझ्या हाताचा काही संबंधच नव्हता!

मिस्त्रींनी तोंड उघडलं. यांनी त्यांच्याकडं बघून हलकेच मान हलवली. "मिस्त्री, चहा घ्या आधी." म्हातारा समजला. मुकाट्यानं बोट पुसू लागला.

आता हे बोलतील, मी वाट बघत होते. आता बोलतील.

हे म्हणाले, "आई, तुझंच खरं. पैज तू जिंकलीस."

गाडी अडकल्याचा धक्का बसला तो काहीच नव्हे. मी खोलीत यांना गाठलं. "तुमच्या जिभेला काय झालं? मी जाते आणि सांगते त्यांना!"

"तुला माझ्या गळ्याची शपथ," हे म्हणाले. "आपल्या हातानं लेकाचा जीव जात होता हे तिला कळलं, तर ती अन्न सोडील. म्हातारी आहे. तू तरुण आहेस, सोसशील."

सोसशील! किती सहज म्हणाले. लोखंडाला विटाळ नसतो म्हणणारा माणूस हाच का, ते मला कळेना.

पुढच्या महिन्यात मी ओसरीच्या कोपऱ्यात बसले. सासूबाईंनी ताट सरकवलं. वरणावर दोन चमचे तूप जास्त होतं. "रागावू नको गं पोरी," त्या म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या. "मी काय तुझी वैरीण हाय? यंत्रानंच सांगितलं न्हाई का?"

हे समोरच पेपर वाचत बसले होते. मान वर केली नाही. मी ताट ओढलं आणि जेवले.

सासूबाई त्यानंतर नऊ वर्षं जगल्या. त्या नऊ वर्षांतले माझे कोपऱ्यातले दिवस मी कधी मोजले नाहीत. मोजले असते, तर यांच्या ताटात भाकरी वाढायला माझा हात उचलला नसता.